गोळी सुटते तेव्हा

(आमच्या सामुदायिक रेडिओवर सकाळच्या आरोग्याच्या सदरात झालेलं भाषण)

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा. मात्र एक हात मोकळा झाला की घरातली औषधाची पिशवी तेवढी जवळ आणून ठेवा. मला आज त्या पिशवीबद्दलच बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवलं आणि २०२१ मध्ये निवृत्त झाले. कृष्णाकाठच्या आपल्या या भागातल्या बऱ्याच जणी मला नुसतं ‘बाई’ म्हणून ओळखतात. हृदयाचा ताल सांभाळणारी एक गोळी मी ११ वर्षं रोज घेत होते. ती कशी सुटली, ते आज सांगणार आहे. आधीच एक सांगते आणि शेवटी परत सांगेन. हे ऐकून कुणीही आपली गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. तसं कुणी केलंत, तर माझं आजचं बोलणं वाया गेलं असं मी समजेन.

गोष्ट २०१२ ची. माझं वय तेव्हा ४९. शाळेत परिपाठ चालला होता आणि छातीत एकदम फडफड सुरू झाली. पिंजऱ्यात चिमणी सापडावी तशी. डोळ्यांपुढं अंधारी आली. सहकाऱ्यांनी खुर्चीत बसवलं, गाडी काढली आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की हा एट्रियल फिब्रिलेशन नावाचा विकार आहे. डॉक्टर त्याला ए.एफ. म्हणतात. आपल्या हृदयाचे वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन पावायला हवेत. ए.एफ. मध्ये ते नुसते थरथरतात. मग नाडी कधी भरभर, कधी दोन ठोक्यांत मोठं अंतर, अशी कशीही पडते. आणि रक्त नीट पुढं ढकललं गेलं नाही की वरच्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात त्याची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की लकवा. ए.एफ. असलेल्या माणसाला लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो.

तर मला तीन गोळ्या सुरू झाल्या. ताल परत आणण्यासाठी अमिओडॅरोन, ठोक्यांचा वेग कमी ठेवण्यासाठी मेटोप्रोलॉल, आणि गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी. चार दिवसांनी घरी सोडलं. कार्डावर लिहिलं होतं, ‘औषधं चालू ठेवा, तीन महिन्यांनी दाखवा.’

तीन महिन्यांनी दाखवलं. ताल बरा होता. डॉक्टर म्हणाले, “चालू ठेवा.” पुढच्या वर्षी आमच्या ह्यांचं ऑपरेशन निघालं. मग मुलाचं कॉलेज आलं. पुढं ते डॉक्टरही दुसऱ्या गावी गेले. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसाठी गावातच आय.एन.आर. तपासून घेत होते, तेवढं मात्र केलं. बाकी मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवायची आणि पाकिटं आणायची. ‘चालू ठेवा’ हे दोन शब्द मी ११ वर्षं पाळले. शाळेत मुलांना ‘का?’ विचारा म्हणून शिकवणारी मी, स्वतः एकदाही विचारलं नाही की कुठपर्यंत चालू ठेवायचं?

शरीर मात्र काहीतरी सांगत होतं. जानेवारीतल्या क्रीडास्पर्धांना तासभर मैदानावर उभी राहिले की चेहरा भाजल्यासारखा लाल व्हायचा आणि मग काळवंडायचा. बायका म्हणायच्या, “बाई, रापलात हो.” रात्री गाडीतून येताना समोरच्या दिव्यांभोवती निळसर कडं दिसायचं. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. निवृत्तीनंतर तर अंगातलं बळच गेलं. वजन आठ किलोनं वाढलं. उन्हाळ्यातही पायात मोजे लागायचे. आवाज घोगरा झाला, केस मूठमूठ जायचे, पोट साफ व्हायचं नाही, आणि दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. घरचे म्हणाले, निवृत्ती झाली, कामाची सवय गेली, वय झालं. मलाही ते पटलं. आपल्याकडं बाईच्या कुठल्याही दुखण्याला ‘वय झालं’ हे औषध लगेच मिळतं, आणि ते फुकट असतं!

२०२३ च्या पावसाळ्यात खोकल्यासाठी तालुक्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “घरात जेवढ्या गोळ्या आहेत, तेवढ्या पिशवीसकट आणा.” दुसऱ्या दिवशी पिशवी टेबलावर ओतली. त्यांनी एक पाकीट उचललं आणि विचारलं, “ही कधीपासून?” मी म्हटलं, “२०१२.” त्या थांबल्या. “थायरॉईड शेवटचा कधी तपासला?” मी म्हटलं, “मला थायरॉईड नाही मॅडम.” “तसं नव्हे बाई. ही गोळी चालू असताना तो तपासत राहायचा असतो.”

आता ही गोळी काय आहे ते थोडं समजून घेऊ. अमिओडॅरोन हे औषध १९६० च्या दशकात बेल्जियममध्ये तयार झालं, तेही छातीत येणाऱ्या कळांसाठी. ते बिघडलेल्या तालावर फार चांगलं चालतं, हे नंतर लक्षात आलं. आजही ताल सांभाळणाऱ्या सर्वांत गुणकारी औषधांत त्याची गणना होते आणि कित्येकांचा जीव त्यानं वाचवला आहे. त्याची निंदा करायला मी आलेले नाही. पण त्या औषधात आयोडीन आहे आणि ते खूप आहे. आपल्याला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम असतं. ते सगळं काही रक्तात सुटं होत नाही. पण जेवढं होतं, तेही गरजेच्या कितीतरी पट असतं. त्यानं गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काहींची मंदावते, तर काहींची उलट बेफाम धावते. शिवाय हे औषध यकृतावर, फुफ्फुसांवर, डोळ्यांवर आणि कातडीवर परिणाम करू शकतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी, आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी, थायरॉईड आणि यकृताची रक्ततपासणी करायची असते. छातीचा एक्स-रे आणि ई.सी.जी. वर्षातून एकदा. नजरेत फरक वाटला तर डोळे तपासायचे. कोरडा खोकला किंवा धाप लागली तर ती सर्दी समजून अंगावर काढायची नाही.

माझा टी.एस.एच. आला ४८. तो चार-पाचच्या आत असायला हवा. म्हणजे ग्रंथी जवळजवळ झोपलेली. एक्स-रे आणि स्कॅन केलं, फुफ्फुसं सुदैवानं चांगली होती. खोकला नुसता पावसाळी निघाला. पण मोठी गंमत ई.सी.जी. मध्ये निघाली. ताल बिघडलेलाच होता! म्हणजे ए.एफ. परत आला होता आणि कायमचा मुक्कामाला राहिला होता. कधीपासून, ते सांगता येईना. ज्या कामासाठी गोळी चालू होती ते काम ती करतच नव्हती. बाकीचे परिणाम तेवढे इमानदारीनं करत होती.

सांगलीच्या हृदयरोगतज्ज्ञांनी कागद बघितले आणि म्हणाले, “बाई, घोडं केव्हाच सुटलंय. तुम्ही नुसता लगाम धरून बसलाय.” मग त्यांनी शांतपणे समजावलं. ताल परत आणणं हा एक मार्ग. ताल बिघडलेलाच राहू द्यायचा, पण ठोक्यांचा वेग आवरायचा आणि रक्त पातळ ठेवायचं, हा दुसरा मार्ग. २००२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या चार हजारांहून अधिक रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या दोन मार्गांनी जाणारी माणसं किती जगली, यात त्यात फारसा फरक दिसला नाही. आजार नवा असेल तर ताल लवकर परत आणण्यात फायदा आहे, असं अलीकडं दिसलं आहे. पण माझा आजार जुना, ताल कायमचा गेलेला. माझ्यासाठी दुसरा मार्ग योग्य होता. “ही गोळी आता बंद करू,” ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. मला भीती वाटली, मैत्रिणींनो. ११ वर्षं जिच्या भरवशावर झोपले ती गोळी उद्यापासून नाही! घरातही दोन पक्ष पडले. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, “आई, एवढे दुष्परिणाम आहेत, तर आत्ताच्या आत्ता सगळंच बंद कर.” आणि आमचे हे म्हणाले, “चाललंय ते चालू दे. कशाला छेडायचं?” दोघंही मायेनंच बोलत होते आणि दोघंही चुकत होते. ‘सगळंच बंद’ हेही चूक आणि ‘काहीच बदलू नका’ हेही चूक. कारण पिशवीतल्या माझ्या तीन गोळ्यांची सुटायची रीत तीन तऱ्हांची होती. ती रीत एकेक करून सांगते.

पहिली अमिओडॅरोन. मी डॉक्टरांना विचारलं, “अर्धी अर्धी करत सोडायची का?” ते म्हणाले, “तुमच्या बाबतीत तशी गरज नाही. ही गोळी स्वतःच हळूहळू सुटते.” हे औषध चरबीत, यकृतात, फुफ्फुसांत, कातडीत साठून राहतं. गोळी बंद केल्यावर अंगातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात. कुणाला पंधरा दिवस, कुणाला चार महिन्यांहूनही जास्त. आपल्याकडची क्षारपड रानं आठवा. उसाला पाणी देऊन देऊन जमीन मिठानं पांढरी झाली, आणि मग पाणी तोडलं, तर मीठ दुसऱ्या दिवशी जातं का? तसंच हे. पाकीट संपलं तरी औषध संपत नाही. म्हणून दुष्परिणामही लगेच जात नाहीत. एवढंच नव्हे, तर थायरॉईडचा नवा त्रास गोळी बंद केल्यावर काही महिन्यांनीही उपटू शकतो. वजन एकदम घटायला लागलं, हात थरथरायला लागले, घाम सुटायला लागला, तर ‘आता कुठं गोळी चालू आहे?’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

दुसरी मेटोप्रोलॉल. हिची रीत अगदी उलटी. ही अंगातून लवकर निघून जाते, म्हणून एकदम बंद करायची नाही. हे मला आमच्या थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं, न शिकवता! अक्कांना रक्तदाब आणि धडधडीसाठी सहा वर्षं हीच गोळी चालू होती. मागं एकदा त्या लोणंदपासून माउलींच्या पालखीत गेल्या. गोळ्यांची पिशवी चुकून दुसऱ्याच दिंडीच्या ट्रकात गेली. अक्का म्हणाल्या, “माउली आहे, काय हुतंय चार दिवसानं?” तरडगाव झालं, फलटण झालं. बरडला पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागलं आणि छातीत असे ठोके की बाजूच्या बाईला पदर हललेला दिसावा. वाटेवरच्या आरोग्य पथकानं तपासलं. नाडी १३०, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आजी, कुठली गोळी चुकली काय?”

असं का होतं? ही गोळी अंगातल्या उत्तेजक रसाला हृदयापर्यंत पोचू देत नाही. तेव्हा हृदय त्या रसाचे संदेश घेणारी आपली ठिकाणं वाढवून ठेवतं. गोळी अचानक गेली की तो सगळा जोर एकदम येऊन आदळतो. आपल्या नदीवरच्या बंधाऱ्याचे बर्गे कसे काढतात? एकेक करून. सगळे एका वेळी काढले तर खालची पिकं वाहून जातील. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशी ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘लॉल’ येतं ती औषधं डॉक्टर थांबवतात तेव्हा साधारण एक-दोन आठवडे घेऊन, टप्प्याटप्प्यानं कमी करत आणतात. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्यांना तर ती अचानक सोडल्यानं हृदयविकाराचा झटकासुद्धा येऊ शकतो. म्हणून उपवास, लग्नकार्य, वारी, माहेरपण, काहीही असो, ही गोळी पदराला बांधून न्यायची. नवरात्रात नऊ दिवस काही खायचं नाही म्हणून गोळी सोडणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. देवीला तुमचा उपवास पोचतो गं. गोळीच्या घोटभर पाण्यानं तो मोडत नाही.

आणि तिसरी, रक्त पातळ करणारी. ही तर सुटलीच नाही, आणि सगळ्यांत जास्त घोळ इथंच होतो. आमच्या ओळखीतल्या एका मावशींचा ताल उपचारानं पुन्हा नीट झाला. त्यांना वाटलं, ताल जागेवर आला, आता हिचं काय काम? त्यांनी ती गोळी परस्पर बंद केली. पाचव्या महिन्यात सकाळी उठल्या तर उजवा हात उचलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. आज त्या बसून आहेत. सून सगळं मायेनं करते, पण ज्या हातानं त्यांनी गावाच्या पुरणपोळ्या लाटल्या, तो हात मांडीवर पडलेला असतो. ताल बरा दिसला तरी गुठळीचा धोका संपलेला नसतो. ताल परत येऊन जाऊन असू शकतो, आपल्याला न कळता. २००२ च्या त्या अभ्यासातही लकवा आलेल्यांपैकी बहुतेक जण रक्त पातळ करणारी गोळी सोडलेले किंवा ती पुरेशी न पोचलेले होते. ही गोळी घ्यायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधी लकवा आला होता का, हृदय कमकुवत आहे का, अशा गोष्टींवर ठरतं. ताल सध्या कसा आहे यावर ते ठरत नाही.

त्यातही एक गुंता आहे. अमिओडॅरोन चालू असते तेव्हा रक्त पातळ करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गोळीचा जोर वाढतो, म्हणून तिचा डोस कमी ठेवलेला असतो. अमिओडॅरोन हळूहळू अंगातून जायला लागली की तोच डोस अपुरा पडायला लागतो. इकडं मला थायरॉईडची गोळी सुरू झाली होती, आणि तिच्यामुळं रक्त उलट जास्त पातळ होतं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दोन बैल दोन बाजूंना ओढताहेत बाई. गाडी कुठं जाते ते बघत राहावं लागणार.” म्हणून महिन्याला होणारी आय.एन.आर. तपासणी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, अशी कितीतरी महिने चालली. माझ्यासाठी आय.एन.आर. दोन ते तीनच्या मध्ये हवा. तिसऱ्या महिन्यात तो दीडवर आला. म्हणजे रक्त घट्ट होत होतं आणि मला आतून काहीसुद्धा जाणवत नव्हतं. तपासणी केली नसती तर? त्या मावशी डोळ्यांपुढं आल्या. डोस वाढवला आणि तो परत दोनच्या वर गेला.

आता माझी एक चूकही सांगते. गोळी बंद झाली त्या रात्री मी उरलेलं पाकीट उशीखाली ठेवलं होतं. झोप लागेना. तरी आठवड्यामागून आठवडे गेले, काही झालं नाही. दहाव्या आठवड्यात मात्र धडधड वाढली. जिना चढले की ठोके कानात ऐकू यायचे. एका रात्री मी घाबरून, कुणाला न सांगता, त्या पाकिटातली एक गोळी घेतली. सकाळी लाज वाटली. पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “सांगितलंत हे बरं केलंत. अहो, ती गोळी वेगही आवरत होती. ती अंगातून जातेय, म्हणून ठोके वाढताहेत. हे होणारच होतं. वही दाखवा.”

वहीत मी रोज सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसून मोजलेली नाडी लिहीत होते. सुरुवातीला ७२, ७५. मग ८८, ९६. दहाव्या आठवड्यात ११२, ११८. आकडे स्वतःच बोलत होते. त्यांनी मेटोप्रोलॉल थोडी वाढवली आणि पंधरा दिवसांत नाडी ८० च्या आसपास आली. उशीखालचं पाकीट त्याच दिवशी मेडिकलवाल्याच्या हवाली केलं.

नाडी मोजायची तर अशी. मनगटावर अंगठ्याच्या बुडाशी दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. ज्यांची नाडी अनियमित आहे त्यांनी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, तो हिशोब चुकतो. एवढं तर माझ्या चौथीतल्या पोरींनाही जमेल.

थायरॉईडची गोळी मी पहाटे उपाशीपोटी घेते आणि अर्धा-पाऊण तास चहा घेत नाही. ३३ वर्षं सकाळचा चहा घेऊन शाळेत गेलेल्या बाईला हीच सगळ्यात मोठी शिक्षा! हृदय अडखळतं असल्यानं ती गोळीही अगदी कमी डोसपासून सुरू केली आणि हळूहळू वाढवली. सहा महिन्यांनी अंगात ऊब आली. एका सकाळी उठून मी एकटीनं हौसेनं थालीपीठं लावली, तेव्हा आमचे हे म्हणाले, “आलीस का परत?” आठव्या महिन्यात रात्रीच्या दिव्यांभोवतीचं कडं गेल्याचं लक्षात आलं. कातडीचा काळपटपणा मात्र अजून पुरता गेलेला नाही. टी.एस.एच. दीड वर्षानं ठिकाणावर स्थिर झाला. गोळीचा डोस कमी झाला, पण ती पूर्ण सुटली नाही. काहींची सुटते, माझी नाही सुटली.

तेव्हा हिशोब काय झाला? एक गोळी सुटली, एक वाढली, एक राहिली आणि एक नवीन आली. मोजून बघाल तर बाईंना काय मिळालं असं वाटेल. पण आता तिन्ही गोळ्या कशासाठी आहेत ते मला ठाऊक आहे. आणि मी दिवसा जागी असते.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. काही जणांना अमिओडॅरोन हृदयाच्या खालच्या कप्प्यांतल्या जीवघेण्या ठोक्यांसाठी दिलेली असते. तिथं ती थांबवणं धोक्याचं ठरू शकतं. तुमची गोळी तीच असली तरी तुमचं कारण माझं नसेल. शिवाय नुसता थायरॉईड मंदावला म्हणून गोळी थांबवायलाच लागते असंही नाही. तिच्यासोबत थायरॉईडची गोळी देऊन भागवता येतं. कुणाची थांबवायची, हे तपासून ज्याचं त्याचं ठरतं.

मग तुम्ही काय करायचं? मघाशी आणायला सांगितलेली पिशवी आता उघडा. वर्षानुवर्षं चालू असलेली प्रत्येक गोळी एका कागदावर लिहा आणि कधीपासून चालू आहे ते पुढं लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना पिशवी आणि कागद दोन्ही न्या आणि चार प्रश्न विचारा. ही गोळी कशासाठी? ती अजून काम करते आहे का? ती चालू असताना कुठल्या तपासण्या हव्यात? आणि कधी थांबवायची झाली तर कशी? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात, जसे चांगल्या मास्तरांना आवडतात.

गोळी बदलते आहे त्या काळात तर जास्त जपायचं. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घ्यायची नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती पोटात रक्तस्राव करू शकते. कुणी सांगितला म्हणून काढा सुरू करायचा नाही. रक्त पातळ करणारी जुनी गोळी असेल तर मेथी, पालक खायला हरकत नाही, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, धाप लागली, नाडी फार वाढली किंवा फार कमी झाली, शौचाला काळं झालं, तर थांबायचं नाही. आणि तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोबडी वळली, तर लिंबूपाणी, तेल चोळणं यात वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते द्यायचं की नाही हे दवाखान्यात तपासूनच ठरतं.

शाळेत मी मुलांना सांगायचे, झाडावर चढताना उतरायची वाट आधी बघून ठेवा. औषधाचंही तसंच आहे. चढवायला एक चिठ्ठी पुरते. उतरायला महिने लागतात, वही लागते, तपासण्या लागतात आणि खाली उभं राहून हात देणारं माणूस लागतं. गोळी थांबवणं म्हणजे उपचार संपणं नव्हे, तोही एक उपचारच आहे. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा.

जाता जाता अक्कांचं सांगते. यंदाही त्या वारीला गेल्या. गोळ्या छोट्या बटव्यात घालून कमरेला खोचल्या होत्या. मी म्हटलं, “अक्का, माउली आहे ना?” तर म्हणाल्या, “माउली हाय गं. पर माउलीनंच गोळी दिलीया, ती इसरून कशी चालंल?”